रांगेपर्यंतचा रस्ता : अवयव प्रत्यारोपण आणि नकाशा

आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं किडनीशी आणि नकाशाशी काय देणंघेणं?" प्रश्न रास्त आहे. कोणाला काय मिळावं आणि का मिळावं, हा न्यायाचा प्रश्न आम्ही वर्गात शिकवायचो तो भाकरीचं नाहीतर जमिनीचं उदाहरण घेऊन. पण भाकरी आणखी थापता येते, पडीक जमीन वहितीखाली आणता येते. अवयवाचं तसं नाही. एक हृदय आलं आणि दहा जण वाट पाहत असले, तर नऊ जणांना 'नाही' म्हणावंच लागतं. ते 'नाही' कोणत्या गावांच्या, कोणत्या घरांच्या वाट्याला जास्त येतं, हे पाहायला नकाशासारखं साधन नाही.

अवयवांच्या वाटपावर बोलताना आपण बहुतेक वेळा रांगेबद्दल बोलतो. रांग सरळ आहे का, मधे कोणी घुसलं का, वशिला चालला का. हे विचारायलाच हवं. पण रांगेत जे उभेच राहू शकले नाहीत, त्यांचं काय? माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की रांग तपासण्याआधी रांगेपर्यंतचा रस्ता तपासावा लागतो.

सुरुवात नकाशापासून करू, कारण त्याचा एक धागा आपल्याच भागातून जातो. १८०२ साली मद्रासेत विल्यम लॅम्बटननं हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. डोंगरावरून, देवळांच्या शिखरांवरून तो त्रिकोण टाकत वर सरकत गेला. वीस वर्षं हेच काम. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरला येत असताना हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढं एव्हरेस्टनं ते काम हाती घेतलं. आपल्या झिरो माइलचा दगड याच मोजणीच्या परंपरेतला. ही मोजणी कशासाठी होती? राज्य चालवायला आणि सारा वसूल करायला. म्हणजे नकाशा आपल्याकडे आला तो राज्यकर्त्याचा डोळा म्हणून. कोणती जमीन कोणाच्या ताब्यात, हे त्याला कळत होतं. तिथं राहणारा माणूस आजारी आहे की धडधाकट, हे त्याला दिसायचं कारण नव्हतं.

ते दिसलं लंडनमध्ये, १८५४ साली. सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं नकाशा घेतला आणि ज्या घरात माणूस दगावला त्या घरापाशी एकेक काळी रेघ मारली. रेघा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटल्या. दूषित पाण्यातून रोग पसरतो, हे त्याचं म्हणणं नकाशानं डोळ्यांपुढं आणलं. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पण तिच्यातला माझ्या कामाचा भाग वेगळा आहे. स्नोनं रेघा कुठं नाहीत हेही पाहिलं. त्याच भागात एक अनाथ-गरिबांचं आश्रयगृह होतं. ५३५ माणसं राहायची, मेली फक्त पाच. शेजारी बिअरचा कारखाना होता, तिथले कामगार वाचले. का? आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती. कारखान्यातही विहीर होती, शिवाय कामगारांना प्यायला बिअर मिळायची. स्नोच्या नकाशावरची ही कोरी जागा म्हणजे सुरक्षित जागा होती. हे लक्षात ठेवा. आपल्या नकाशावर कोऱ्या जागेचा अर्थ नेमका उलटा निघणार आहे.

आणि हा विचार फक्त साहेबाचा असंही समजू नका. चरकसंहितेत वैद्यानं काय काय तपासावं त्यात 'देश' येतो, आणि देशाचे दोन अर्थ सांगितले आहेत. एक भूमी, म्हणजे माणूस जांगल, आनूप की साधारण प्रदेशातला. दुसरा अर्थ रुग्ण स्वतः. रोग्याचं शरीर हाही देशच. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. माणूस कुठला आहे हे कळल्याशिवाय त्याला काय झालं आहे हे पुरतं कळत नाही.

आता प्रत्यारोपणाकडे येऊ. बोस्टनमध्ये १९५४ साली जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं, ते टिकलं. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत, १९६८ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पण विचार करा, त्या वेळी आपल्या देशात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यताच नव्हती. ती आली १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं, म्हणजे सव्वीस वर्षांनी. हा कायदा १९९५ च्या फेब्रुवारीत ज्या राज्यांत आधी लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता, गोवाही होता.

मधलं १९७१ हे वर्ष मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे. त्या वर्षी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचं यशस्वी प्रत्यारोपण झालं, देशातलं पहिलं. त्याच वर्षी वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरनं एक लेख लिहिला. त्याचा सिद्धान्त साधा होता. जिथं आजार जास्त, तिथं चांगली वैद्यकीय सेवा कमी. त्यानं त्याला 'उलट्या सेवेचा नियम' म्हटलं, आणि बाजारावर सोपवलं की हा नियम आणखी जोर धरतो असंही बजावलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा मोठा ग्रंथ आला. रॉल्स म्हणतात, समाजाचे नियम ठरवा, पण ठरवताना आपण त्या समाजात कुठं जन्माला येणार हे आपल्याला माहीत नाही असं धरा. आपल्या भाषेत सांगायचं तर, जन्म धरमपेठेत होणार की भामरागडात, हे माहीत नसताना अवयव वाटपाचा नियम लिहा बरं! तिघांची एकमेकांशी ओळख नसावी. पण शस्त्रक्रिया शक्य झाली, विषमतेचं सूत्र मिळालं आणि न्यायाची कसोटी मिळाली, हे सगळं एकाच वर्षात.

या तिन्ही गोष्टी नकाशावर एकत्र आल्या त्या अमेरिकेत. तिथं १९८४ साली अवयव प्रत्यारोपणाचा राष्ट्रीय कायदा झाला. देशाचे अवयव गोळा करण्याच्या सोयीनं तुकडे पडले होते, एके काळी ५८. अवयव मिळाला की आधी त्याच तुकड्यातल्या रुग्णाला. वरकरणी शहाणपणाचं. पण संशोधकांनी जेव्हा संगणकावर नकाशे मांडले, तेव्हा दिसलं की एका तुकड्यातल्या रुग्णाला थोडासा आजार बळावला की यकृत मिळतं आणि शेजारच्या तुकड्यात माणूस मरणाच्या दारात जाईपर्यंत मिळत नाही. स्टीव्ह जॉब्ज राहायचे कॅलिफोर्नियात, पण २००९ साली त्यांचं यकृत प्रत्यारोपण झालं टेनेसीतल्या मेम्फिसला. यात बेकायदा काही नव्हतं. जिथं रांग लहान तिथं नाव नोंदवायची मुभा सगळ्यांनाच होती. पण बोलावणं आलं की काही तासांत दुसऱ्या राज्यात हजर व्हायचं, ही ताकद किती जणांची?

सॉमर जेन्ट्री या गणिताच्या प्राध्यापिका आणि शल्यविशारद डोरी सेगेव्ह यांनी मग एक उलटा खेळ मांडला. राजकारणी लोक मतदारसंघाच्या सीमा आपल्या फायद्यासाठी वाकड्यातिकड्या आखतात ना, तेच गणित वापरून न्याय्य वाटपासाठी नवे विभाग आखून दाखवले. पुढं २०१७ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णाच्या वतीनं खटला झाला. मुद्दा असा, की हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीत, फुप्फुसं मिळाली तर ती कमी आजारी माणसाला जातात आणि अलीकडचा अत्यवस्थ रुग्ण वाट पाहत राहतो. खटला दाखल झाल्यावर काही दिवसांतच फुप्फुसांसाठी तुकड्यांची हद्द गेली आणि दात्याच्या रुग्णालयाभोवती २५० सागरी मैलांचं वर्तुळ आलं. २०२० मध्ये यकृतासाठी आणि २०२१ मध्ये मूत्रपिंडासाठीही वर्तुळं आली.

तेच वर्तुळ आपण झिरो माइलपासून काढून पाहू. २५० सागरी मैल म्हणजे साधारण ४६३ किलोमीटर. या वर्तुळात अख्खा विदर्भ येतो. शिवाय रायपूर, जबलपूर, भोपाळ, इंदूर, छत्रपती संभाजीनगर, आणि खाली हैदराबादसुद्धा. भूगोल म्हणतो हे सगळे शेजारी. पण यात किती राज्यं आली, किती सरकारी फायली आल्या, मोजा.

आपली पद्धत वेगळी आहे. महाराष्ट्रात विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, ज्यांना आपण झेडटीसीसी म्हणतो. मुंबईचं केंद्र आधी झालं, पुढं पुणे, नागपूर, आणि २०१६ साली तेव्हाचं औरंगाबाद. अवयव आला की आधी त्या विभागातले रुग्ण, मग राज्यातले, मग पश्चिम विभागातले, मग देशातले. नागपूरच्या केंद्राकडे विदर्भाचं काम आहे. पण सुरुवातीच्या काळात इथं यकृत प्रत्यारोपणाची सोयच नव्हती. ती आली २०१८ साली. तोवर विदर्भातल्या कुटुंबानं दिलेलं यकृत बाहेर जायचं. ग्रीन कॉरिडॉर व्हायचा, विमानतळापर्यंत रस्ते मोकळे व्हायचे, आणि आपल्याला अभिमान वाटायचा. अभिमान योग्यच होता, कारण कोणाचा तरी जीव वाचत होता. पण नकाशावर त्या विमानाची रेघ ओढली तर ती एकाच दिशेनं जाताना दिसते.

इथं कोणी म्हणेल, "मंग सर, आपलं आपल्यालेच ठेवा नं!" मी या मताचा नाही. हृदय आणि फुप्फुसं बाहेर काढल्यावर चार-सहा तास टिकतात, यकृत आठ-बारा तास, मूत्रपिंड सुमारे चोवीस तास. या मुदतीत जो सगळ्यांत जास्त अडचणीत आहे त्याला अवयव मिळावा. तो मुंबईचा असला तरी. अवयवाला जिल्ह्याचा शिक्का मारला तर रक्तालाही मारावा लागेल. प्रश्न अवयव बाहेर जातो हा नाही. प्रश्न हा आहे, की त्या क्षणी विदर्भातला रुग्ण यादीवर का नव्हता? यकृत बिघडलेली माणसं इथं नव्हती, असं तर नाही.

म्हणून आता आपला नकाशा काढू. जीआयएस हा शब्द ऐकून घाबरू नका. गांधीबागेच्या कापड बाजारात बसलो आहोत, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. छापील साडीत लाल रंगाचा ठसा वेगळा, काळ्याचा वेगळा, हिरव्याचा वेगळा. एकावर एक नीट बसले की नक्षी उमटते. जीआयएस म्हणजे हेच. आजाराचा एक ठसा, दवाखान्यांचा दुसरा, रस्त्यांचा तिसरा, नोंदणीचा चौथा.

पहिला ठसा आजाराचा. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारं. मूत्रपिंडाच्या विकारांची ओरड तिथल्या गावांतून वर्षानुवर्षं ऐकू येते. दुसरा ठसा प्रत्यारोपण केंद्रांचा. तो नागपुरात दाटलेला. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत २०१६ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपण होतं, खासगी रुग्णालयं आहेत, बाहेर सावंगी आहे, अमरावतीचं सरकारी रुग्णालय आहे. आपण इथं बसलो आहोत, डागा दवाखाना शेजारी, मेयो चालत जाण्याइतकं, मेडिकल ऑटोनं थोड्या वेळात. आता सिरोंच्याचा माणूस घ्या. नागपूर त्याला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वरंगळ कितीतरी जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात.

इथं किलोमीटर फसवतात. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला. वाशीम, बुलढाण्याकडून नागपूर तासांच्या हिशेबात जवळ आलं. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला त्याचा उपयोग नाही. म्हणून नकाशा तासांचा काढावा, आणि त्याहून बरा रुपयांचा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा. दर वेळी दोन माणसांचं भाडं, दोन माणसांची बुडालेली मजुरी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी आली त्यांत गडचिरोली आणि अमरावती होते, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची तरतूद होती. चांगलीच गोष्ट. पण योजनेचं कार्ड शस्त्रक्रियेच्या टेबलाशी कामाला येतं. त्याआधीच्या तपासण्या, खोलीचं भाडं, आणि नंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्यांसाठीच्या फेऱ्या, हा सगळा रस्ताच आहे.

तिसरा ठसा दात्यांचा. आणि इथं एक गोष्ट दिसते जिच्यावर आपण फारसं बोलत नाही. घेण्याची विषमता आहे तशी देण्याचीही आहे. नेत्रदान घरी झालेल्या मृत्यूनंतरही काही तासांत होतं. पण हृदय, यकृत द्यायचं तर मेंदूमृत्यू जाहीर व्हावा लागतो. त्याला अतिदक्षता विभाग हवा, व्हेंटिलेटर हवा, चार डॉक्टरांचं मंडळ हवं, सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी हवी. दूरच्या तालुक्यात अपघात झाला आणि घरच्यांची कितीही इच्छा असली, तरी ती पुरी कशी व्हायची? २०२३ साली देशात एकूण १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली, आणि मरणोत्तर दाते होते १,०९९. दहा लाख लोकसंख्येमागे एकही दाता पडत नाही. स्पेनमध्ये हाच आकडा पंचेचाळीसच्या वर आहे. आपल्याकडे लोक दानाला तयार नाहीत, असं झटकन म्हटलं जातं. पण विचारायला तिथं कोणी होतं का, हे आधी पाहायला नको का?

आता नकाशाची मर्यादाही सांगतो. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या बायका होत्या ६,९४५. पुरुष २९,६९५. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त. हा फरक कोणत्याही नकाशावर दिसणार नाही, कारण देणारी आणि घेणारा एकाच घरात, एकाच ठिपक्यावर राहतात.

शेवटचा ठसा नोंदणीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नोंदणीसाठीची अधिवासाची अट काढायला सांगितली. आता सिरोंच्याचा माणूस तेलंगणात नाव नोंदवू शकतो, छिंदवाड्याचा नागपुरात. हा निर्णय मला मनापासून पटतो. पण मेम्फिसची गोष्ट विसरू नका. दार सगळ्यांना उघडं झालं, तरी आधी आत शिरतो तो गाडीनं आलेला. अशा वेळी नकाशावर कडक नजर लागते, आणि तिथंच एक बारीक गोम आहे. एटापल्लीच्या रुग्णाला डायलिसिससाठी नागपुरात खोली करून राहावं लागलं, आणि अर्जावर त्या खोलीचा पत्ता पडला, तर नकाशावर त्याचा ठिपका कुठं उमटेल? नागपुरात. एटापल्ली कोरी राहील. अधिकारी ती कोरी जागा पाहून म्हणेल, तिकडे मागणीच नाही, केंद्र कशाला? लंडनच्या आश्रयगृहाची जागा कोरी होती कारण तिथली माणसं वाचली होती. एटापल्लीची कोरी राहील, कारण तिथला माणूस गाव सोडून आला, किंवा यायच्या आधीच गेला.

म्हणून माझी मागणी फार लहान आहे. प्रतीक्षा यादीच्या अर्जात सध्याच्या पत्त्याखाली आणखी एक रकाना असावा, 'मूळ गाव आणि तालुका'. दुसरा रकाना, 'डायलिसिस सुरू झाल्याची तारीख', म्हणजे आजार कळण्यापासून यादीत नाव लागेपर्यंत किती महिने गेले ते कळेल. नावं झाकून ही माहिती दर वर्षी तालुक्यानुसार जाहीर करावी. जिल्ह्याची सरासरी पुरत नाही. गडचिरोली शहर आणि भामरागड यांची सरासरी काढून कोणाचंच दुखणं कळत नाही. याला मोठा निधी लागत नाही. आपल्या विद्यापीठात भूगोलाची, संख्याशास्त्राची पोरं आहेत, त्यांना काम द्या. लॅम्बटननं वीस वर्षं उन्हातान्हात त्रिकोण टाकले. आपल्याला एका अर्जात दोन ओळी वाढवायच्या आहेत.

सभागृहात डॉक्टर मंडळी बसलेली दिसतात. या दोन रकान्यांत व्यवहारात काय अडचण येईल ते त्यांनी सांगावं, म्हणजे मागणीचं निवेदन त्याप्रमाणे सुधारून घेऊ. आता प्रश्न घेतो.